परत न येणारी मूठ

सन ब्याऐंशीच्या भाद्रपदात केळझरला एक नवीन क्रियापद तयार झालं. ते म्हणजे ‘नत्थावणे’. एखादी वस्तू दुरुस्तीला द्यावी आणि ती आधीपेक्षा जास्त बिघडून परत यावी, असा त्याचा अर्थ. आधी मोटरसायकल नत्थावली, मग पिठाची गिरणी नत्थावली, मग एका घरचा रुसलेला जावई समजावायला गेलेली मंडळी हात हलवत परत आली आणि म्हणाली, प्रकरण नत्थावलं. भाषा अशी वाढत जाते. तिच्या वाढीला ज्याचं नाव खर्ची पडतं त्याला कोणी विचारत नाही.

नत्थू हा बसस्टँडजवळचा मिस्त्री. वय तिशीच्या आसपास. नागपूरला एका उस्तादाकडे तीन वर्षं शिव्या खाऊन तो काम शिकला होता आणि गावात परत आला होता. चार बल्ल्या, वर टिन आणि दर्शनी भागात पाटी : ‘मोटरसायकल, इंजिन व इतर’. इतर म्हणजे सायकलचं पंक्चर, आणि पहिली दोन वर्षं दुकान त्या ‘इतर’वरच चाललं. आता कुठे गावात मोटरसायकली चार झाल्या होत्या आणि चारही त्याच्याकडे येत होत्या. एकेक नट तो जागच्या जागी ठेवायचा, काम झाल्यावर हात बनियनला पुसायचा, आणि गाडी चालू करून दोन मिनिटं डोळे मिटून ऐकायचा. डोळे मिटणं नागपूरच्या उस्तादाचं होतं. बनियन त्याचं स्वतःचं.

चारपैकी एक मोटरसायकल खुशालरावांची. खुशालराव सरपंच होता होता राहिलेले गृहस्थ. घरी वडील अण्णाजी, पत्नी शालूबाई, पऱ्हाटीचं म्हणजे कपाशीचं वावर आणि बैलांच्या दोन जोड्या. त्यातली एक जोडी त्यांनी उन्हाळ्यात विकली आणि वर्ध्याहून सेकंडहँड फटफटी आणली. त्या जोडीतला सर्जा नावाचा बैल ज्या खुट्याला बांधला जायचा, त्या खुट्याजवळ गोठ्यात ती उभी राहू लागली.

पोळ्याला चार दिवस असताना तिची एक्सिलेटरची वायर तुटली. मूठ पिळली की इंजिनाला रेस मिळते ती या वायरमुळे. वायर तुटली की मूठ नुसती गोल फिरते आणि स्वारानं खाली उतरून ढकलायचं. खुशालराव सेलूच्या रस्त्यानं दोन मैल ढकलत आले. नत्थूनं वर्ध्याहून नवी वायर आणून तासाभरात बसवली. मूठ सोडली की ‘टप’ असा आवाज करून जागेवर येत होती. पोळा झाला, गणपती बसले. सगळं ठीक चाललं होतं.

पोळ्यानंतर नवव्या दिवशी खुशालराव सेलूहून येत होते. बसस्टँडवर चहा घ्यायचा म्हणून त्यांनी मूठ सोडली. मूठ होती तिथंच राहिली. गाडी चहाच्या टपरीवरून तशीच पुढे गेली. टपरीवरच्या लोकांनी हात केला, खुशालरावांनीही केला, आणि बऱ्याच जणांना वाटलं की माणसाला गाडीचा गर्व झाला. पुढे वळण होतं. वळणावर रस्ता वळला, खुशालराव वळले नाहीत. ते बंडूजीच्या पऱ्हाटीत शिरले. चाबी बंद केली असती तर गाडी थांबली असती, हे त्यांना नंतर गावातल्या प्रत्येकानं सांगितलं, मोटरसायकलवर कधी न बसलेल्यांनी जरा जास्तच.

बंडूजी खुशालरावांचा चुलतभाऊ. दोघांत धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, अकरा वर्षं वाद होता. त्यामुळे या घटनेकडे बंडूजी केवळ यांत्रिक बिघाड म्हणून पाहू शकत नव्हता.

खुशालरावांना लागलं काही नव्हतं. ते कपड्यांवरची माती तशीच ठेवून बसस्टँडवर आले आणि मोठ्यानं बोलले.

“नत्थ्या! वायर बसवली का फास?”

“काय झालं खुशालभौ?”

“काय झालं म्हणते! मूठ सोडली तं परत येत नाई. बंडूचं वावर नांगरून आलो मी!”

“म्या बसवली तवा येत होती.”

“तवा मी बी जिवंत होतो आन् आता बी हाव, ते तुह्या कृपेनं नोहे!”

लोक हसले. संध्याकाळपर्यंत क्रियापद तयार झालं होतं.

नत्थूनं गाडी दुकानात घेतली. नवी वायर बसवल्यावर मूठ अडकत असेल तर काय काय पाहायचं, हे उस्तादानं त्याला शिकवलं होतं आणि त्याच क्रमानं तो गेला. आधी गाडी चालू करून हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, मग उजवीकडे. टाकीखाली वायर चेपली असेल किंवा कमी पडत असेल तर हँडल वळताच रेस आपोआप वाढते. वाढली नाही. मग कार्बोरेटर उघडला. मुठीच्या ओढीनं आत वरखाली होणारा दट्ट्या उलटा बसला असेल तर अडकतो. तो सुलटाच होता. पेट्रोलनं धुतला, फडक्यानं पुसला. त्यावरची स्प्रिंग ताणून पाहिली, तिच्यात दम होता. शेवटी वायर काढली. ती जरा जड सरकत होती. तिच्या नळीत घासलेट सोडलं, खालून मळकट पिवळं पाणी आलं. ते गंज समजून त्यानं वायर पुन्हा धुतली, इंजिन ऑइलचे थेंब सोडले आणि बसवली. मूठ सोडली. टप. गाडी त्याच संध्याकाळी घरी पाठवली.

मूठ मात्र त्यानं उघडली नाही. त्याचं साधं कारण असं की दुरुस्तीच्या वेळी त्यानं ती उघडलीच नव्हती. वायरचं टोक बाहेरून अडकवायची सोय होती. जिथं आपला हात लागला नाही तिथं आपली चूक असणार नाही, असा त्याचा हिशेब. चूक शोधणारा माणूस आपल्याच चुका शोधतो. दुसऱ्याच्या चुका सापडाव्यात म्हणून आधी कोणीतरी दुसरा मनात यावा लागतो.

सहा दिवसांनी खुशालराव शाळेवरून चालले होते. फाटकाशी पोरं दिसली म्हणून मूठ सोडली, ती राहिली, आणि गाडी फाटकातून मैदानात गेली. प्रार्थना चालू होती. हेडमास्तर प्रभाकरराव समोर उभे होते. खुशालरावांनी मुलांच्या रांगांभोवती एक चक्कर मारली. दुसऱ्या चकरेत त्यांना चाबीची आठवण झाली. मुलांनी प्रार्थना थांबवली नाही. त्या शाळेची शिस्त तालुक्यात नावाजलेली होती.

या वेळी खुशालराव ओरडले नाहीत. ते गाडी ढकलत दुकानापर्यंत आले आणि टपरीवरच्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात बोलले.

“नत्थू, आज शनिवार. सोमवारलोक गाडी तुह्यापाशी. सोमवारी सकाळी मले नीट पायजे. नाई तं मंगळवारी वर्ध्याले नेतो मिस्त्रीकडे. मंग तू सायकली फुगवत बस.”

टपरीवर बाकीच्या दोन मोटरसायकलींचे मालक बसले होते, आणि चौथीचे मालक प्रभाकरराव शाळेतून खुशालरावांच्या मागोमाग आले होते. प्रभाकररावांनी नुसतं विचारलं, “मंगळवारी साधारण किती वाजता निघणार?” आणि नत्थूला समजायचं ते समजलं. एक गाडी वर्ध्याला गेली की चार जातील. पाटीवर मग ‘इतर’ एवढंच उरेल.

शनिवारी दुपारभर आणि रविवारी सकाळी त्यानं तीच गाडी तिसऱ्यांदा उकलली. हँडल वळवलं. दट्ट्या काढला. स्प्रिंग नवी टाकली. वायर धुतली, पुन्हा पिवळं पाणी. वीस दिवसांच्या वायरीला दोनदा गंज कसा चढतो, हे त्याला कळेना. मूठ थोडी सैल झाली, पण ‘टप’ म्हणेना. ती मिठाईच्या दुकानातल्या मालकासारखी सावकाश परत येत होती. दुपारी तो जेवायला घरी गेला, बनियन काढून बायकोच्या धुण्यात टाकलं आणि भाकर कुस्करत बसला.

गोपिका, त्याची बायको, अंगणात दगडावर कपडे घासत होती. थोड्या वेळानं तिचा हात थांबला.

“काऊन हो,” ती आतल्या माणसाला ऐकू जाईल अशी बोलली, “कोणाच्या हळदीले गेलते तुमी?”

“कोणती हळद?”

“बाहेर या.”

तो बाहेर आला. बनियनवर पोटापाशी, जिथं तो हात पुसायचा तिथं, पाच बोटांचे लालभडक डाग होते.

“रक्त होय काय?” नत्थूनं स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले.

“रक्त नाई न् बिक्त नाई. आधी पिवळे होते, साबण लावला तं लाल झाले. हळद हाय ही. हळदीले साबण लागला का कुंकू होते, हे माणसाइले कोण सांगन!” तिनं बनियन पिळलं. “आता सांगा. भादव्यात लगन कोणाचं होतं? आन् मले काऊन नाई सांगतलं?”

“अव, गाडीचं तेल होय ते.”

“हळदीची फोडणी देऊन चालते काय गाडी?”

नत्थूनं बनियन नाकाशी नेलं. साबणाच्या खाली अजून एक वास होता, उग्र, ओळखीचा, पण दुकानातला नव्हे.

“हे कशाचं येऊन राह्यलं?”

गोपिकेनं एकदाच हुंगलं. “जवस. जवसाचं तेल.” आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की याला पुढचंही सांगावं लागणार. “ते धुऊन बी लवकर निघत नाई. आपली तेलाची शिशी दोन दिस पुसली नाई तं बूच निघते काय? तुमीच तं मांगं पक्कड आणली होती. वाळलं का डिंक होते त्याचा.”

नत्थू ताटावरून उठलेलाच होता. तसाच दुकानात गेला आणि पहिल्यांदाच मूठ उघडली.

मुठीचं रबर निघायला तयार नव्हतं. निघालं तेव्हा आतली नळी हँडलच्या दांड्याला चिकटलेली होती, आणि तिच्यावर पिवळट तपकिरी थर होता, दाराला वार्निश लावावं तसा. थर नखानं सोलला जात होता. तिथून जिथं वायर आत शिरते, त्या भोकातही तेच. वरून खाली झिरपत ते वायरच्या नळीत गेलं होतं. वायर पूर्णपणे निर्दोष होती, दट्ट्या निर्दोष होता, स्प्रिंग तर दोन्ही निर्दोष होत्या. नत्थूनं ती नळी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळली आणि खुशालरावांच्या घरी निघाला.

खुशालराव घरी नव्हते. अण्णाजी गोठ्यात बैलाला खरारा करत होते. वय सत्तरीच्या पुढे, आवाज असा की पाऊस पडला हे सांगताना आणि घर पडलं हे सांगताना त्यात फरक नसायचा.

“ये नत्थू. सुधरली काय?”

“अण्णाजी, एक विचारू काय? गाडीले तुमी काही लावलं होतं काय?”

“लावलं नं. खांद शेकलं.”

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचं खांद शेकतात. वर्षभर जुवाखाली घासलेल्या खांद्याला कोमट लोणी-हळद लावायची, पळसाच्या पानानं चोळून जिरवायची, आणि त्याच्या कानाशी जाऊन म्हणायचं : आज आवतन घे, उद्या जेवाले ये. नत्थूनं हे लहानपणापासून पाहिलं होतं. पण बैलाच्या बाबतीत.

“गाडीचं खांद?”

“दावणीले उभी हाय ना ते? सर्जाच्या खुट्यापाशी? या दावणीवर जे उभं राह्यते त्या सगळ्याइचं खांद मी शेकतो. दोघाइचं शेकलं आन् तिसऱ्याले तसंच उभं ठेवलं, हे बरं दिसते काय?”

“आन् खांद कोणतं धरलं तुमी?”

“हातात धरून तिले वळवतेत, ते दोन्ही बाजूचं. जू तिथंच येते नं.” अण्णाजींनी हवेत हँडल धरून दाखवलं. “आवतन बी देलं. कान सापडे ना, तं त्या बाजूच्या आरशात देलं.”

“लोणी लावलं?”

अण्णाजींनी खरारा थांबवून त्याच्याकडे पाहिलं. “लोणी बैलाले लावते माणूस. फटफटीले कोणी लोणी लावते काय? येऊन चार महिने नाई झाले तिले. जवसाचं तेल लावलं. हळद घालून, गरम करून.”

गरम केल्यामुळे ते कुठवर पोचलं असेल, हे नत्थूला दिसत होतं. तरी त्यानं विचारलं, “एकदाच ना?”

“एकदा कसं? बंडूच्या वावरात घुसली, त्या दिवशी सांजच्याला पुन्हा लावलं. बैल बिथरला का समजून घ्याव, खांद दुखून राह्यलं त्याचं. तू काम करून पाठवली, तं म्हटलं, मिस्त्रीचा हात लागला, अवघडली असन. वाटीभर जिरवलं. या शुक्रवारी बी लावलं.”

म्हणजे आठवडाभर एकाच गाडीवर दोन माणसं इलाज करत होती. एक धूत होता, दुसरा मुरवत होता. आणि दोघंही आपापलं काम नीट करत होते, म्हणूनच मूठ अडकत होती.

नत्थूनं कागद उघडला. “अण्णाजी, जवसाचं तेल वाळते. हे पाहा.”

अण्णाजींनी नळी हातात घेतली. नखानं थर सोलला, चोळला, हुंगला. बराच वेळ.

“आपल्याच वावरातलं जवस हाय,” ते शेवटी म्हणाले. “चांगलं धरलं.”

“चांगलंच धरलं.”

“म्हणजे मूठ या पायी अडकली. तुह्या वायरीनं नाई.”

“नाई.”

“आन् गाव तुले बोलून राह्यलं.”

तेवढ्यात खुशालराव आले. त्यांना सगळं सांगावं लागलं, आणि ते दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्या वेळी त्यांनी ‘आरशात आवतन’ इथंच ऐकणं सोडलं होतं. मग ते बैलाच्या पाण्याच्या टाक्याच्या कडेवर बसले.

“बाबा, काय केलं हे तुमी!”

“खांद शेकलं,” अण्णाजी म्हणाले.

खुशालरावांनी मोर्चा नत्थूकडे वळवला. आवाज एकदम सख्ख्या भावाचा झाला. “नत्थूभौ, पाय. झालं ते झालं. तू उद्या असं सांग, का वायर खराब निंघाली. बदलली.”

“वायर मीच आणली, खुशालभौ. खराब निंघाली तं मी खराब आणली असं होते.”

“मंग सांग, धूळ गेली आत.”

“म्या झाकण नीट नाई लावलं असं होते.”

“मंग पाणी गेलं म्हण!”

“तेच होते.”

खुशालरावांनी आणखी दोन-तीन कारणं मनातल्या मनात तपासली असावीत. प्रत्येक कारण फिरून नत्थूच्याच दुकानात जात होतं. “मंग काय सांगू गावाले?” ते चिडले. “का माह्या बापानं फटफटीले हळद लावली? लोकं विचारतीन, नवरदेव कोण पाहून ठेवला म्हणून! तो बंड्या तं पत्रिका छापन!”

“मले नाव पायजे माहं,” नत्थू म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि कागद पुन्हा गुंडाळू लागला. कागद दोनदा सुटला.

अण्णाजींनी ते पाहिलं.

“खुशाल, तू याच्या नावानं कुठी बोंबलला होता?”

“कुठी म्हणजे? बसस्टँडवर.”

“मंग सांगाचं बी तिथंच. बोंब बजारात आन् कबुली गोठ्यात, ही कोणाच्या घरची रीत होय?”

“बाबा, मी नाई सांगणार.”

“तू काऊन सांगशीन? तेल तू लावलं काय?”

सोमवारी सकाळी वर्ध्याच्या बसच्या वेळेला बसस्टँडवर नेहमीची माणसं होती. बंडूजी होता, प्रभाकरराव शाळेच्या वाटेवर थांबले होते, टपरीवर दहा-बारा जण बशीतला चहा फुंकत होते. नत्थूनं फटफटी दुकानासमोर काढून ठेवली होती. खुशालराव तिच्याजवळ, पण तिचे कोणी नसल्यासारखे उभे होते. अण्णाजी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून आले. टपरीपाशी उभे राहिले आणि त्यांनी घसाही खाकरला नाही.

“ऐका. खुशालची गाडी अडकत होती ते नत्थूच्या कामानं नाई. मी पोळ्याले तिचं खांद शेकलं, जवसाच्या तेलानं. ते आत वाळलं. चूक माही हाय.”

एकजण हसला आणि त्याच्यामागं सगळे. हसणं ओसरायची अण्णाजींनी वाट पाहिली, जशी ते ढगाची पाहत.

बंडूजी पुढे आला. “मंग काका, माह्या पऱ्हाटीत गाडी मुद्दाम नाई घातली म्हणता?”

“मुद्दाम घातली असती तं दोन ओळीत थांबला असता काय तो?”

बंडूजीला हे पटलं. अकरा वर्षांत त्या घरातून आलेलं पटण्यासारखं हे पहिलंच उत्तर होतं.

“पण अण्णाजी,” टपरीवाला म्हणाला, “तेल अजून आत असन. आता बसला खुशालभौ आन् पुन्हा गेली कोणाच्या घरात, तं?”

“धुतलं म्या,” नत्थू म्हणाला. “मूठ उघडून धुतलं.”

“मांगं बी धुतलंच होतं तू,” कोणीतरी म्हणालं. ते खरं होतं. खुशालरावांच्या हातात चाबी होती आणि ती तिथंच होती.

“बस रे खुशाल,” अण्णाजी म्हणाले.

“आत्ता? इथं?”

“बस. मी मांगं बसतो. अडकली तं दोघं जाऊ.”

अण्णाजी मोटरसायकलवर कधी बसले नव्हते. ते बैलगाडीच्या मागच्या बाजूला बसतात तसे बसले, दोन्ही पाय एकीकडे सोडून, एक हात टोपीवर. दुसरा हात त्यांनी मुलाच्या खांद्यावर ठेवला. “हाक,” म्हणाले.

गाडी वळणाच्या बाजूनं गेली. गावाबाहेर आवाज बारीक होत गेला आणि मग ऐकू येईना. टपरीवर कोणी चहा मागितला नाही. नत्थू दुकानाच्या बल्लीला टेकून डोळे मिटून उभा होता. आवाज पुन्हा आला, वाढला, वळणाशी एकदा कमी झाला. तिथं बंडूजीनं आपल्या वावराकडे पाहून घेतलं. गाडी सरळ आली, टपरीसमोर खुशालरावांनी मूठ सोडली, आणि ती टप वाजून जागेवर आली. गाडी जिथं थांबायला हवी तिथं थांबली.

अण्णाजी उतरले. “ठीक हाय,” म्हणाले. “बैलापेक्षा लवकर ऐकते.” आणि घरी निघून गेले, कारण बैल सोडायचे होते.

आता खुशालरावांवर आलं. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी चाबी काढली, रुमालानं तोंड पुसलं, टाकीवरची नसलेली धूळ झटकली. चुकलं हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर निघाला नव्हता आणि त्यांच्या पन्नाशीला आता पाचच वर्षं उरली होती.

“नत्थू,” ते म्हणाले, “ब्रेक जरा पाय बरं. सैल वाटून राह्यला.”

ब्रेक सैल नव्हता. गाडी आत्ताच सगळ्यांसमोर हातभर जागेत उभी राहिली होती. नत्थूनं वाकून ब्रेकचा पाय दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

“हाव,” तो म्हणाला. “थोडा हाय. टाइम लागन.”

“किती?”

“उद्या सांजलोक.”

“उद्या मंगळवार,” टपरीवरून आवाज आला.

“मंग?” खुशालराव त्या आवाजावर वसकले. “मंगळवारी ब्रेक करू नाई असं हाय काय कुठी?” त्यांनी चाबी नत्थूच्या हातात दिली आणि पायी घरी गेले.

मंगळवारी ती फटफटी दिवसभर दुकानासमोर उभी होती. नत्थूनं तिला हात लावला नाही. पंक्चरवाल्यांनाही तिच्या आडून बसायला सांगितलं, म्हणजे रस्त्यावरून ती नीट दिसेल. वर्ध्याला कोणी गेलं नाही. दुपारच्या सुट्टीत प्रभाकरराव आपली मोटरसायकल हातानं ढकलत घेऊन आले. मूठ जरा जड झाली आहे, एवढंच म्हणाले. नत्थूनं रबर सोडवलं. आत पिवळं होतं, पण चिकट नव्हतं, मऊ होतं. त्यानं वर पाहिलं.

प्रभाकररावांनी आजूबाजूला कोणी विद्यार्थी नाही याची खात्री केली. “आमची आई,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण आमच्याकडे तूप वापरलं. साजूक. तूपही वाळतं का रे?”

“वाळत नाई, सर,” नत्थू म्हणाला आणि पक्कड घेतली. “थिजते. थंडी पडली का घेऊन येजा.”